बारावी यायला साठ वर्षं लागली

१९७५ साली आमच्या घरात एसएससीच्या दोन गुणपत्रिका आल्या. एक थोरल्या ताईची, अकरावीची. दुसरी धाकट्या ताईची, दहावीची. दोघींमध्ये एका इयत्तेचं अंतर, पण परीक्षेचं वर्ष एकच. कारण महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची तुकडी आणि नव्या दहावीची पहिली तुकडी त्याच वर्षी बाहेर पडली. थोरलीने बीजगणित-भूमिती सोडून अंकगणित घेतलं होतं. धाकटीला गणित आणि विज्ञान दोन्ही चुकली नाहीत. शेजारच्या काकू पेढा तोंडात टाकत आईला म्हणाल्या, "धाकटीचं एक वर्ष वाचलं बघा." वडील शाळामास्तर. त्यांनी माझी पाटी ओढून घेतली आणि तिच्यावर दोन ओळी लिहिल्या : अकरा अधिक चार, पंधरा. दहा अधिक दोन अधिक तीन, पंधरा. "वर्ष कुणाचंच वाचलेलं नाही," ते म्हणाले. "नुसती मांडणी बदलली."

"कोणी बदलली?" मी विचारलं.

"कोठारी कमिशनने."

पुढे मी स्वतः कॉलेजात शिकवू लागलो, शिक्षण आयोगांचे जुने अहवाल वाचनालयाच्या तळाच्या फळीवरून काढून वाचू लागलो, तेव्हा लक्षात आलं की वडिलांचं उत्तर निम्मंच बरोबर होतं. ती मांडणी कोठारींच्याही आधी सत्तेचाळीस वर्षं कागदावर होती. आणि त्याच कोठारी आयोगाने सांगितलेल्या, दहावी-बारावीहून कितीतरी मोलाच्या गोष्टी आमच्या घरापर्यंत कधीच पोचल्या नाहीत. सरकारने नेमलेल्या आयोगाचं कोणतं म्हणणं लोकांच्या आयुष्यात उतरतं आणि कोणतं वाटेत गळतं, हे पाहायचं तर कोठारी आयोगाची हकीकत मुळापासून सांगायला हवी.

ती सुरू होते कलकत्त्यात. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाचा कारभार तपासायला सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मायकेल सॅडलर, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू. सदस्यांत सर आशुतोष मुखर्जींसारखा खमका माणूस. १९१९ मध्ये अहवाल आला, तेरा खंडांचा. विद्यापीठाची दुखणी शोधायला गेलेल्या या मंडळींनी बोट ठेवलं ते शाळेवर. मॅट्रिक होऊन येणारा मुलगा विद्यापीठाच्या शिक्षणाला तयारच नसतो. तेव्हा इंटरची दोन वर्षं विद्यापीठाच्या गळ्यातून काढा, ती शाळेच्या बाजूला जोडा, त्यांच्यासाठी वेगळं मंडळ करा, आणि मग तीन वर्षांत पदवी द्या. बारा अधिक तीन. आज आपण बारावी म्हणतो ती ही.

ज्या कलकत्त्यासाठी हे सांगितलं तिथे ते झालं नाही. सरकारजवळ पैसा नव्हता, आणि सरकार व विद्यापीठ यांच्यात कुणाचा शब्द अखेरचा यावर भांडण जुंपलेलं होतं. कलकत्त्यासाठी पेरलेलं दुसरीकडे उगवलं : लखनौ आणि ढाका इथे नवी विद्यापीठं निघाली, त्यांनी सॅडलरचा पुष्कळसा आराखडा उचलला. संयुक्त प्रांतात हायस्कूल व इंटरचं वेगळं मंडळ झालं. मुंबई इलाखा मात्र आपल्याच चालीने चालत राहिला.

स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिला मोठा आयोग नेमला गेला तो विद्यापीठांसाठीच. १९४८-४९ चा, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालचा. त्यातही विद्यापीठात येण्याआधी बारा वर्षांचं शिक्षण हवं असं म्हटलं होतं. ते पुन्हा बाजूला पडलं. पण त्या आयोगाचं एक म्हणणं फळाला आलं : विद्यापीठांना पैसा वाटणारी आणि दर्जा पाहणारी एक स्वायत्त यंत्रणा. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग सुरू झाला, १९५६ मध्ये त्याला कायद्याचं बळ मिळालं. त्याच १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं, आणि अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी आले. १९६१ मध्ये त्यांच्या जागी बसले दौलतसिंह कोठारी. उदयपूरचे, पदार्थवैज्ञानिक, अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी. साहा राधाकृष्णन आयोगाचे सदस्य होते. गुरूने एका आयोगावर काम केलं, शिष्याच्या नावाने दुसरा ओळखला गेला.

हा दुसरा, म्हणजे १९६४ चा शिक्षण आयोग, नेमला तो मोहम्मद करीम छागलांनी. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश, तेव्हा केंद्रात शिक्षणमंत्री. आधीचे आयोग एकेका तुकड्यासाठी असत, एक विद्यापीठांसाठी, एक माध्यमिक शाळांसाठी. या वेळी पहिल्यांदाच बालवाडीपासून पीएच. डी.पर्यंत सगळं एका नजरेखाली घ्यायचं ठरलं. वैद्यक आणि कायदा तेवढे वगळले. १४ जुलै १९६४ ला ठराव झाला, गांधीजयंतीला काम सुरू झालं. सतरा सदस्य, त्यांत रशिया, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, जपान इथलेही. शीतयुद्धाच्या ऐन भरात मॉस्कोचा आणि हार्वर्डचा माणूस भारताच्या शाळांवर एकाच टेबलाशी बसून बोलत होता.

आणि सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. मराठी वाचकाला कोठारी हे नाव ठाऊक असतं, नाईकांचं फारसं नसतं. म्हणून इथे थोडा थांबतो.

कोल्हापूर जिल्ह्यात आजरा तालुक्यात बहिरेवाडी नावाचं गाव आहे. तिथे ५ सप्टेंबर १९०७ ला एका गरीब घरात ते जन्मले. जन्माचं नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्याच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतलं आणि तेच कायम राहिलं. धारवाडजवळच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात राहून त्यांनी शाळा, आरोग्य, रस्ते असं सगळं काम केलं. मग कोल्हापूर संस्थानात विकास सचिव झाले. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं राहिलं त्यात त्यांचा हात होता. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था निघाली, ती त्यांची आणि त्यांच्या पत्नी चित्राताई नाईकांची. दिल्लीच्या शिक्षण मंत्रालयात सल्लागार म्हणून गेले ते महिना एक रुपया मानधनावर.

माझ्या लेखी त्यांच्याविषयीची मोलाची गोष्ट वेगळीच आहे. १९४३ साली त्यांनी सय्यद नुरुल्ला यांच्याबरोबर ब्रिटिश काळातल्या भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला होता. पिढ्यान्‌पिढ्या बी. एड.ची मुलं तो वाचत आली. म्हणजे कोठारी आयोगाच्या सचिवाच्या खुर्चीत असा माणूस बसला होता, ज्याने आधीच्या प्रत्येक आयोगाचं काय झालं हे स्वतः शोधून लिहिलं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं : सरकारचा पैसा रयतेच्या सारापट्टीतून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, आधी गावोगाव प्राथमिक शाळा द्या. हंटर आयोगाने प्राथमिक शाळांना महत्त्व दिलं खरं, पण त्या सोपवल्या नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे, ज्यांच्या तिजोरीत पैसाच नव्हता. १९०२ चा विद्यापीठ आयोग आणि त्यावर बेतलेला १९०४ चा कर्झनचा कायदा. त्याला गोखल्यांनी कौन्सिलात कडवा विरोध केला, तरी तो झाला, कारण सरकारला विद्यापीठांवर पकड हवी होती. सॅडलरचं काय झालं ते वर आलंच. सरकारच्या मनात आधीच असलेली शिफारस लगेच कायदा होते आणि पैसा मागणारी शिफारस वाट पाहत राहते, हे नाईकांना अहवालाची पहिली ओळ लिहिण्याआधी ठाऊक होतं. तरी त्यांनी ते काम जीव ओतून केलं. या गोष्टीचा माझ्या मनावर फार परिणाम आहे.

आयोगाने बारा अभ्यासगट आणि सात कार्यगट नेमले. शंभर दिवस राज्याराज्यांतून फिरला. नऊ हजारांच्या आसपास माणसांशी बोलला, त्यांत कुलगुरू होते तसे शाळामास्तरही. चोवीसशेवर निवेदनं आणि टिपणं आली. एकवीस महिन्यांनी, २९ जून १९६६ ला, 'शिक्षण आणि राष्ट्रीय विकास' या नावाचा सहा-सातशे पानांचा अहवाल छागलांच्या हाती पडला.

त्या तारखेकडे जरा पाहा. ६ जूनला रुपयाचं अवमूल्यन झालं होतं; डॉलरला पावणेपाचच्या आसपास मिळणारा रुपया साडेसातवर गेला. आदल्या वर्षी पाकिस्तानशी युद्ध आणि अवर्षण. त्या वर्षी पुन्हा पावसाने दगा दिला, बिहारमध्ये दुष्काळ पडला. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश जगत होता. जानेवारीत शास्त्रीजी गेले होते, इंदिरा गांधींना येऊन पाच महिने झाले होते. चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकलली, ती १९६९ उजाडेपर्यंत आलीच नाही. अशा उन्हाळ्यात आयोगाने वीस वर्षांचा आराखडा मांडला : शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्क्यांवरून १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यायचा, माणशी बारा रुपयांवरून चौपन्न रुपयांवर. त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्न दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात ते त्याच्या जवळपासही वाढलं नाही. हिशेब चुकीच्या माणसांनी केला नव्हता. तो केला तेव्हाचा देश आणि अहवाल आला तेव्हाचा देश यांत अंतर पडलं होतं.

उच्च शिक्षणाविषयी आयोगाने जे सांगितलं त्यातल्या तीन गोष्टींवरून खरा वाद पेटला.

पहिली, निवडक प्रवेशाची. उच्च शिक्षणात तेव्हा सुमारे दहा लाख विद्यार्थी होते. वीस वर्षांत ते चाळीस लाख होतील असा आयोगाचा अंदाज होता. मागेल त्याला कॉलेज देत गेलो तर प्रयोगशाळा, वाचनालयं, शिक्षक कशाचाच मेळ बसणार नाही. म्हणून देशाला किती पदवीधर लागतील आणि कॉलेजात किती जागा नीट चालवता येतील हे पाहून प्रवेश द्या. दुसरी, सहा मोठ्या विद्यापीठांची. देशभरातून सहा निवडा, त्यांत एखादी आयआयटी आणि एखादं कृषी विद्यापीठही असू द्या, त्यांना भरपूर पैसा आणि उत्तम माणसं द्या, जगातल्या चांगल्या विद्यापीठांच्या तोडीचं काम तिथे होऊ द्या. तिथून शिकलेली माणसं बाकीच्या कॉलेजांत शिक्षक म्हणून जातील. तिसरी गोष्ट भाषेची. दहा वर्षांच्या आत विद्यापीठातलं शिक्षणही प्रादेशिक भाषांतून व्हावं.

१९६७ च्या निवडणुकीनंतर नवं मंत्रिमंडळ आलं. छागला आदल्या वर्षीच परराष्ट्र खात्यात गेले होते. शिक्षणमंत्री झाले त्रिगुण सेन. हे स्वतः आयोगाचे सदस्य! ज्याने शिफारस लिहिली त्याच्याच हाती ती अमलात आणण्याची लेखणी आली. आपल्या देशात असा योग क्वचितच जुळतो. सेनांनी सगळ्या पक्षांच्या खासदारांची समिती नेमली, म्हणजे धोरणाला संसदेचा आधार मिळावा. समितीने अहवाल वाचला आणि पहिल्या दोन शिफारशी उडवून लावल्या. पात्र असेल त्या प्रत्येकाला प्रवेश मिळालाच पाहिजे. सहाच विद्यापीठांचे लाड कशाला? सगळ्यांना सारखी मदत करा. सहांत आपलं विद्यापीठ नसलं तर काय, ही धास्ती कुलगुरूंनाही होती. त्यांनीही साथ दिली नाही.

यावर माझं मत सरळ आहे. प्रवेशाच्या बाबतीत खासदार बरोबर होते. १९६७ साली निवडीची चाळणी लावली असती तर बहिरेवाडीसारख्या गावातून, दलितवस्तीतून, शेतमजुराच्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजच्या पायरीवर आलेली मुलंच बाहेर राहिली असती. आयोगाने अशा मुलांसाठी सवलत मागितली होती हे खरं. पण चाळणी हाती असलेले हात कोणाचे असतात हे आपण जाणतो. मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत मात्र आपण चुकलो. सगळ्यांना सारखं द्यायचं म्हटलं, आणि सगळ्यांना सारखंच थोडं दिलं.

भाषेच्या शिफारशीचं वेगळंच झालं. आयोगाने दहा वर्षं म्हटली होती. १९६७ च्या उन्हाळ्यात सेनांनी पाच वर्षांची घाई केली. छागलांना हे सहन झालं नाही. इंग्रजी तोडली तर देशातली विद्यापीठं एकमेकांशी बोलायची थांबतील, असं त्यांना वाटत होतं. सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्रिपदाचा राजीनामा दिला. ज्या माणसाने आयोग नेमला, अहवाल ज्याच्या हाती पडला, तोच त्या अहवालातून निघालेल्या धोरणावरून मंत्रिमंडळाबाहेर पडला. मी मराठीतून शिकवलं आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पण तत्त्वासाठी खुर्ची सोडणारा माणूस म्हणून त्यांना मानतो.

२४ जुलै १९६८ ला पहिलं राष्ट्रीय शिक्षण धोरण जाहीर झालं. सहा-सातशे पानांचं सार सतरा कलमांच्या छोट्या निवेदनात आलं. सहा टक्के त्यात होते. दहा-दोन-तीन होतं. प्रादेशिक भाषा होत्या. कुठल्या वर्षी, कोणी, कुठल्या पैशाने करायचं हे नव्हतं. आणि शिक्षण तेव्हा राज्यांचा विषय; दिल्लीने निवेदन काढलं तरी मुंबई, मद्रास, पाटणा यांनी मनावर घेतल्याशिवाय काही हलत नव्हतं. हा विषय सामाईक सूचीत न्यावा असं एका संसदीय समितीने आयोगाच्या आधीच सुचवलं होतं. आयोगाने त्याला नकार दिला होता, राज्यांकडेच राहू द्या म्हणाला होता. दहा वर्षांनी आणीबाणीत, बेचाळिसाव्या दुरुस्तीने, सरकारने शिक्षण सामाईक सूचीत नेलंच.

तरीही बऱ्याच गोष्टी झाल्या. कॉलेजातल्या शिक्षकांचे पगार वाढले, आणि केंद्राने राज्यांना त्यासाठी पैसा दिला. आज प्राध्यापकांची वेतनश्रेणी देशभर एका धर्तीवर ठरते त्याची वाट तिथून पडली. विद्यार्थ्यांनी समाजासाठी काम करावं या शिफारशीतून, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सदतीस विद्यापीठं, चाळीस हजार विद्यार्थी. दर डिसेंबरात कुठल्या तरी गावात बंधारा बांधणारी, शाळेच्या भिंती रंगवणारी एनएसएसची पोरं आपण पाहतो ती ही. चांगल्या कॉलेजांना अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवू द्या, हे आयोगाचं म्हणणं १९७८ मध्ये तामिळनाडूत अमलात आलं. स्वायत्त कॉलेज हा शब्द महाराष्ट्रात रुळायला आणखी बराच काळ गेला.

आणि दहावी-बारावी आली. वडिलांच्या पाटीवरची ती बेरीज. ही शिफारस का टिकली? त्यात नवा पैसा थोडा लागत होता, कोणाच्या हक्काला धक्का लागत नव्हता, आणि ती एका परिपत्रकाने, एका जूनपासून सुरू करता येत होती. राज्याच्या मंडळाने अभ्यासक्रम केला, पुस्तकं छापली, शिक्षकांची शिबिरं घेतली. १९७५ ला पहिली दहावी, १९७७ ला पहिली बारावी. त्या १९७५ च्या जूनमध्ये कॉलेजांत एकाच वेळी दोन तुकड्या दाखल झाल्या, एक जुन्या प्री-डिग्रीला, एक नव्या अकरावीला. थोरली ताई सांगते, बाकावर चौघी-चौघी बसत, उशिरा आलेल्या खिडकीच्या कट्ट्यावर. आयोगाची अपेक्षा होती की ही दोन वर्षं शाळेच्या अंगणात जावीत. महाराष्ट्रात ती पुष्कळशी कॉलेजच्याच आवारात, 'ज्युनियर कॉलेज' या नावाने राहिली. सॅडलरने १९१९ मध्ये जे गाठोडं विद्यापीठाच्या डोक्यावरून उतरवा म्हटलं होतं, ते खाली आलं पण दाराबाहेर गेलं नाही. बारावीच्या निम्म्या मुलांनी हाताचं, धंद्याचं शिक्षण घ्यावं ही आयोगाची दुसरी अपेक्षा. ती किमान कौशल्याच्या अभ्यासक्रमांपुरती, मोजक्या वर्गांपुरती उरली. आयोगाने सांगितलेला सांगाडा आला. त्यात भरायचं मांस आलं नाही.

भाषेच्या शिफारशीतून मात्र एक जिव्हाळ्याची गोष्ट घडली. केंद्राने विद्यापीठीय पुस्तकांसाठी प्रत्येक राज्याला एक कोटी रुपयांपर्यंत मदत द्यायचं ठरवलं, आणि नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभं राहिलं. त्यांचं एक अर्थशास्त्राचं पुस्तक माझ्यापाशी आहे, फडताळात पहिल्या खणात. कागद पिवळा पडलाय, शिवण सुटलीय. शेवटी पारिभाषिक शब्दांची यादी आहे, आणि तिच्यावर कोणा विद्यार्थ्याने शिसपेन्सिलीने 'लवचीकता', 'सीमान्त', 'चलनवाढ' या शब्दांखाली रेघा मारल्या आहेत. मी ते रद्दीच्या दुकानातून आणलं. त्या रेघा मारणाऱ्याला अर्थशास्त्र मराठीतून समजून घ्यायचं होतं, आणि एका आयोगाच्या एका परिच्छेदामुळे त्याच्या हातात ते पुस्तक पडलं होतं. पुढे मंडळ थकलं. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघेनात, विज्ञान आणि तंत्र इंग्रजीतच राहिलं. पाच वर्षं आणि दहा वर्षं यांवरून एका मंत्र्याने राजीनामा दिला होता. पन्नासांहून अधिक वर्षांनंतरही आपण वैद्यकाचं आणि अभियांत्रिकीचं मराठी पुस्तक कसं असावं यावर बोलतो आहोत.

सहा टक्क्यांचं तर सांगायलाच नको. १९६८ च्या धोरणात ते होते. १९८६ च्या धोरणात पुन्हा आले, १९९२ च्या सुधारणेत पुन्हा. कस्तुरीरंगन समितीच्या मसुद्यावरून २०२० चं धोरण आलं, त्यातही ते आहेत; आणि त्याच धोरणाने कबूल केलंय की २०१७-१८ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून खर्च होता ४.४३ टक्के. त्या धोरणाने दहा-दोन मोडून शाळेची नवी मांडणी केली आणि चार वर्षांची पदवी परत आणली. पाटीवरची बेरीज पुन्हा लिहावी लागणार : बारा अधिक चार, सोळा. या खेपेला मात्र चार वर्षांची पदवी घेणाऱ्याचं वर्ष वाढलं आहे.

ज्या १९७५ मध्ये आमच्या घरी दोन गुणपत्रिका आल्या, त्याच वर्षी नाईकांचं एक पुस्तक निघालं. शिक्षणात समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्ही गोष्टी एकदम साधणं किती अवघड आहे, हा त्याचा विषय. पुढल्या वर्षी त्यांनी आपली संस्था पुण्याला आणली. देशाच्या सगळ्या शिक्षणाचा वीस वर्षांचा आराखडा लिहिलेला हा माणूस आणि चित्राताई मग पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांकडे वळले : दिवसा गुरं राखणाऱ्या, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरणाऱ्या, म्हणून शाळेत न गेलेल्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग. वर्ग मुलांना जमेल त्या वेळी भरायचा. शिकवणारा गावचाच. फुल्यांनी हंटरपुढे मागितलेली शाळा नव्वदहून अधिक वर्षांनीही ज्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, ती ही मुलं.

त्याच काळात नाईक आणखी एक पुस्तक लिहीत होते, शिक्षण आयोगाचं पुढे काय झालं याचा हिशेब मांडणारं. स्वतःच सचिव असलेल्या आयोगाच्या शिफारशी एकेक करून तपासायच्या : ही स्वीकारली, ही फेटाळली, ही स्वीकारली असं म्हणून विसरली गेली, इथे सरकार कमी पडलं, इथे आम्ही. ३० ऑगस्ट १९८१ ला नाईक गेले. पुस्तक १९८२ मध्ये छापून आलं.